हे चेनवालं तर नाही ना?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



"हाय, ओळखलंस का? खूप दिवस झाले रे. एका गोष्टीबद्दल बोलायचं होतं. फोनवर नको, भेटूनच सांगतो."

हा मेसेज तुमच्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी आला असेल. तो वाचल्यावर पोटात काय होतं, तेही तुम्हाला माहीत असेल. आज मी तो मेसेज पाठवणाऱ्याच्या बाजूने बोलणार आहे. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा, २०१७ साली, मी तो ४३ जणांना पाठवला होता. आकडा पक्का आहे, कारण आम्हाला ओळखीच्या सगळ्यांची यादी करायला लावली होती आणि ती वही अजून माझ्याकडे आहे.

त्या ४३ मधले चार जण आले. दोन वर्गमित्र, एक रूममेट आणि माझा सख्खा मामा.

तर आजचा विषय नेटवर्क मार्केटिंग, म्हणजे आपल्या भाषेत चेन. "हे सगळं फसवणूकच असतं" असा भाग करणं सोपं होतं आणि तसे भाग भरपूर आहेत. मला थोडा अवघड प्रश्न घ्यायचाय. एखादी व्यक्ती खरंच प्रामाणिकपणे हा माल विकत असेल, तर तिने या बदनामीचं करायचं काय? हा प्रश्न माझ्या घरातला आहे, म्हणून घेतोय.

आधी माझं पाप सांगून टाकतो. एका सीनियरने हॉटेलच्या हॉलमध्ये नेलं. स्टेजवर कोट घातलेला माणूस, मागे जोरात गाणी, पांढऱ्या बोर्डवर गोल. एका गोलात "तुम्ही", त्याखाली दोन गोल, त्याखाली चार. साबण-पेस्ट-पावडरीचं किट साडेनऊ हजारांचं. बाबांकडून "कोर्सची फी" म्हणून पैसे घेतले. मामाचं कराडला किराणा दुकान आहे. भाचा इंजिनिअर होतोय, तो सांगतोय म्हणजे बघूनच सांगत असेल, एवढ्यावर त्यांनी २२,००० चा माल उचलला. त्यात बहुतेक प्रोटीन पावडरचे डबे. ते डबे काउंटरच्या मागे, उदबत्तीच्या खोक्यांशेजारी, एक्सपायरी होईपर्यंत उभे होते. मी आठ महिन्यांत बाहेर पडलो. आठ महिन्यांची माझी एकूण कमाई ११५० रुपये.

गंमत बघा, केंद्र सरकारने डायरेक्ट सेलिंगसाठी मार्गदर्शक सूचना २०१६ मध्येच काढल्या होत्या. प्रवेश फी नको, वाजवी मुदतीत विकला जाईल त्यापेक्षा जास्त माल कोणाच्या गळ्यात मारू नका, विकण्याजोगा शिल्लक माल परत घ्या, हे सगळं त्यात होतं. त्या हॉलमध्ये कुणी ते सांगितलं नाही. आणि मीही काही विचारलं नाही.

आता दुसरा भाग. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. बाबा कराड डेपोत मेकॅनिक. पगार बंद. मी पुण्यात नोकरीला लागलो होतो, पैसे पाठवत होतो. पण आईचं म्हणणं, "तुझ्या पैशावर घर चालतंय हे बाबांना बोचतं रे. मला माझं काहीतरी करू दे." आणि तिने काय सुरू केलं? एका डायरेक्ट सेलिंग कंपनीचा माल विकायला घेतला. माझी ती कंपनी नव्हे, दुसरी. फरशीचं लिक्विड, भांड्यांचं लिक्विड, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट.

मी फोनवर ओरडलोच. ती म्हणाली, "तू चुकलास म्हणून साबण चुकला का?"

पहिल्याच आठवड्यात आमच्याच गल्लीतल्या एका काकूंनी तिला दारात ऐकवलं, "आधी पोराने मामाला बुडवलं, आता आई निघाली." म्हणजे बदनामी मी करून ठेवलेली आणि तिची किंमत ती मोजत होती. तेव्हापासून दर रविवारी तिचा हिशोब मी एक्सेलमध्ये लिहितो. आज जे सांगतोय ते त्या चार वर्षांच्या हिशोबातून आलंय.

पहिली गोष्ट. अपलाइन लोक काय शिकवतात? "लोक निगेटिव्ह असतात. त्यांना माहिती नसते. तुम्ही त्यांचा गैरसमज दूर करा." इथेच गाडी चुकते. कारण हा गैरसमज नाहीये. लोकांनी तो पैसे देऊन विकत घेतलेला अनुभव आहे. प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे. म्हणजे सभासद जोडा आणि पैसे मिळवा या प्रकाराला सरकार माझ्या जन्माच्या आधीपासून वैतागलेलं आहे. २०११ मध्ये स्पीक एशिया आठवतंय का? वर्षाला ११,००० भरा, ऑनलाइन सर्व्हे भरा, नवीन माणसं आणा. २०२२ च्या एप्रिलमध्ये ईडीने अ‍ॅमवे इंडियाची ७५७.७७ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. आरोप पिरॅमिडचा, कंपनीला तो मान्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या शोरूमबाहेर उभी राहिलेली गर्दी तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. कायद्याच्या नजरेत हे सगळे प्रकार एकसारखे नाहीत, ते एका रांगेत बसवू नयेत हे मला कळतं. पण दार उघडणाऱ्या बाईने ते फरक कसे ओळखायचे? तिच्या दृष्टीने पिशवी घेऊन आलेली हसरी ओळखीची व्यक्ती म्हणजे धोका. आणि हा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघालेला आहे.

माझं रोजचं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी ज्या टीममध्ये आहे ती ग्राहकांना जाणाऱ्या ईमेलची व्यवस्था बघते. ओटीपी, बिलं, ऑफर. या कामात "रेप्युटेशन" हा शब्द अगदी तांत्रिक अर्थाने वापरतात. तुम्हाला पाठवायला मिळालेल्या आयपी अ‍ॅड्रेसवरून आधी कुणी स्पॅम पाठवलं असेल, तर तुमचा खरा, सभ्य मेलसुद्धा स्पॅममध्ये पडतो. तुम्ही कितीही ओरडा की मी तो नाही. जीमेलला फरक पडत नाही. "मी स्पॅम नाही" असं मेलच्या विषयात लिहिलंत तर आणखीच लवकर पडतो.

मग करतात काय? तीन गोष्टी. एक, तुम्ही जे म्हणता तेच आहात हे तपासता येईल अशी सोय ठेवायची. त्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम वगैरे नोंदी असतात. दोन, ज्यांनी मागितलंय त्यांनाच, आणि सुरुवातीला अगदी थोडे मेल पाठवायचे. याला वॉर्म-अप म्हणतात. तीन, नको असेल त्याला एका क्लिकवर बाहेर पडता आलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून तर गुगलने दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना ही ओळख आणि जाहिरातींच्या मेलना हे बाहेर पडायचं बटण सक्तीचं केलं. स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असंही सांगितलं.

एके रविवारी आईचा हिशोब करताना मी २०२१ चे डायरेक्ट सेलिंगचे नियम उघडले. ग्राहक संरक्षण कायद्याखालचे हे नियम २८ डिसेंबर २०२१ ला आले, म्हणजे आईने सुरू केलं त्याच हिवाळ्यात. २०१६ च्या फक्त सूचना होत्या, हे बंधनकारक. त्यात विक्रेत्याने काय करायचं ते लिहिलंय. ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. गेल्या गेल्या आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकायला आलोय हे खरं सांगायचं. किंमत, पैसे कसे द्यायचे, माल परत कसा करायचा, सगळं आधीच सांगायचं. कंपनीने मंजूर केलेल्या दाव्यांपलीकडे काही बोलायचं नाही. वाचता वाचता मला हसू आलं. ओळख, परवानगी, बाहेर पडायची वाट. आमच्या ईमेलच्याच तीन गोष्टी.

मी आईला म्हटलं, "आपण हे नियम पाळू या. जसेच्या तसे." ती म्हणाली, "मग विकणार कधी?"

प्रश्न बरोबर होता. पण करून बघितलं.

सगळ्यात मोठा बदल पहिल्या वाक्यात झाला. लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "काकू, हे चेनवालं तर नाही ना?" आईला शिकवलेलं उत्तर होतं, "नाही नाही, हे वेगळं आहे, हा बिझनेस आहे." हे उत्तर ऐकलं की समोरचा दार अर्धं लोटतो, कारण माझ्यासकट प्रत्येक फसवणाऱ्याने हेच म्हटलेलं असतं. आता ती म्हणते, "हो, चेनवालीच कंपनी आहे. मला या बाटलीवर इतके रुपये सुटतात. तुम्हाला मेंबर करायला नाही आले, फरशीचं लिक्विड विकायला आले. नको असेल तर चहा घेऊन जाते." पहिल्यांदा हे वाक्य मी सुचवलं तेव्हा मलाच वाटलं की आता धंदा बुडाला. उलट झालं. "हो" म्हटल्यावर भांडायला काही उरतच नाही. मग माणूस बाटलीकडे बघतो.

दुसरं, माल आणि मेंबरशिप एकाच बोलण्यात आणायचे नाहीत. कधीच नाही. अपलाइनची शिकवण नेमकी याच्या उलट असते. आधी माल वापरायला द्या, मग "तुम्हालाही कमवता येईल" म्हणून प्लॅन दाखवा. त्यामुळे होतं काय, की घेणाऱ्याला प्रत्येक बाटलीच्या मागे एक दोरी बांधलेली दिसते. आईकडून कोणी माल घेतला तर ती सहा महिने प्लॅनचा विषय काढत नाही. कुणी स्वतःहून विचारलं तर ती सरळ माझा हिशोब दाखवते.

तो हिशोब तुम्हालाही सांगतो. मागच्या आर्थिक वर्षात महिन्याची सरासरी विक्री १३,२०० रुपये. मार्जिन आणि कमिशन मिळून हातात २,६५०. त्यातून वडाप-रिक्षाचं भाडं, फुकट दिलेली सॅम्पलं, एखादी फुटलेली बाटली असे ४८० वजा. उरले २,१७०. वेळ गेला साधारण ३५ तास. म्हणजे तासाला ६२ रुपये. उधारी अडकते ती वेगळी, आणि कराडात उधारी अडकतेच.

हा आकडा ऐकल्यावर दहातल्या नऊ जणी म्हणतात, "एवढंच?" आणि मेंबर होत नाहीत. चार वर्षांत आईच्या खाली फक्त दोघी आहेत. अपलाइनच्या भाषेत हे अपयश. पण या दोघींपैकी कुणीही उद्या आईला "तू मला फसवलंस" म्हणू शकत नाही, आणि मला विचाराल तर हीच गोष्ट २०१७ मध्ये माझ्याकडे नव्हती.

इथे जरा गणितात शिरतो, दोन मिनिटं. समजा प्रत्येकाने फक्त पाच जण आणले. एक, पाच, पंचवीस, १२५, ६२५, ३,१२५. बाराव्या पायरीला २४ कोटी ४१ लाख होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. हे तुम्ही ऐकलं असेल. पण मला झोप न लागू देणारी गोष्ट वेगळी आहे. हे झाड कुठल्याही पायरीवर थांबवा. ३,१२५ वर थांबवलं तर एकूण माणसं ३,९०६. त्यातली ३,१२५ सगळ्यात खालच्या ओळीत. म्हणजे ८० टक्के लोकांच्या खाली कुणीच नाही. झाड छोटं असो की मोठं, पाचाच्या हिशोबाने हे ८० टक्के बदलत नाहीत. कंपनी चांगली असो, वाईट असो, सगळे कष्टाळू असोत, तरी बदलत नाहीत. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात या खालच्या ओळीतल्या नोड्सना मी "लीफ" म्हणून लिहिलं होतं, दहापैकी नऊ मार्क होते. आणि त्याच वर्षी हॉलमधल्या बोर्डवर तेच झाड बघून टाळ्या वाजवल्या.

या ८० टक्क्यांना पैसे एकाच मार्गाने मिळू शकतात. बाहेरच्या माणसाला माल विकून. म्हणून प्रामाणिक विक्रेत्याने आपण पान आहोत हे धरूनच चालावं. आई पान आहे. पान म्हणून महिन्याला दोन हजार तिला चालतात. स्वप्नातली गाडी तिला कुणी विकली नाही, कारण तिला गाडी चालवता येत नाही. (हे तिचं वाक्य आहे, माझं नाही.)

अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशननेही साधारण इथेच बोट ठेवलंय. १९७९ मध्ये अ‍ॅमवेला पिरॅमिड नाही असं ठरवताना त्यांनी जे बघितलं त्यात हे होतं की विक्रेत्याने घेतलेल्या मालातला ७० टक्के विकल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, महिन्याला दहा गिऱ्हाइकांना विक्री दाखवायची, आणि न विकलेला माल कंपनीने परत घ्यायचा. कमाईचे फुगवलेले दावे करू नका असंही त्याच आदेशात बजावलं. २०१६ मध्ये हर्बालाइफबरोबर २० कोटी डॉलरची तडजोड झाली तेव्हा अट होती की किमान ८० टक्के विक्री खऱ्या वापरणाऱ्यांना झाल्याचं कंपनीने दाखवावं. थोडक्यात, माल शेवटी कुणाच्या मोरीपर्यंत पोहोचला की विक्रेत्याच्याच पलंगाखाली थांबला, हा प्रश्न.

मालाचंही तसंच. आम्ही मोजमाप केलं. भांड्यांचं तिचं लिक्विड ३१० रुपयांचं. आमच्या घरात ४७ दिवस गेलं, दिवसाला ६ रुपये ६० पैसे. मामाच्या दुकानातलं साधं लिक्विड १०५ चं, १९ दिवस गेलं, दिवसाला साडेपाच रुपये. म्हणजे आईचं महाग. "कॉन्सन्ट्रेटेड आहे, स्वस्तच पडतं" हे शिकवलेलं वाक्य आमच्या मोरीत तरी खोटं ठरलं. आता ती गिऱ्हाइकाला सांगते, "दिवसाला रुपयाभर जास्त पडतं. माझ्या हातांची आग कमी झाली, तुमचं तुम्ही बघा." फरशीचं लिक्विड मात्र खरंच स्वस्त पडलं, आणि तिची निम्मी विक्री त्याचीच आहे. कपड्यांची पावडर बरोबरीत. टूथपेस्ट तिने विकणंच सोडलं. म्हणाली, "दुप्पट किमतीची पेस्ट मी स्वतः घेतली नसती, तर विकू कशाला?"

बाटली आवडली नाही तर अर्धी वापरलेली असली तरी ती परत घेते, पैसे जागेवर देते. कंपनीकडून परत मिळतात का, तो तिचा प्रश्न. चार वर्षांत अशा अकरा बाटल्या. मी घाबरलो होतो की लोक गैरफायदा घेतील. एकीनेच घेतला.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. कंपनीची एक पौष्टिक पावडर आहे, डबा २,४०० चा. मागच्या आळीत एक काकू आहेत, त्यांना डायबेटीस. अपलाइनने ग्रुपवर ऑडिओ टाकला होता की या पावडरीने साखर उतरते, गोळ्या हळूहळू बंद होतात. काकूंनी तो कुणाकडून तरी ऐकला आणि आईला घरी बोलावलं. पैसे काढूनच ठेवले होते. आई म्हणाली, "वहिनी, मी दहावी झालेली बाई. मला साखरेतलं काय कळतंय? डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, आणि हा डबा माझ्याकडून घेऊ नका." अशा दाव्यांविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, डायबेटीस त्या यादीत आहे, हे मी तिला नंतर सांगितलं. तिला कायद्याशिवायच समजलं होतं.

यापुढे तुम्हाला वाटेल की काकू खूश झाल्या. नाही. त्यांनी तोच डबा त्याच कंपनीच्या दुसऱ्या बाईकडून घेतला. आणि अपलाइनने मीटिंगमध्ये नाव न घेता आईचा दाखला दिला, निगेटिव्ह विचार कसे नुकसान करतात त्याचा. आई दोन दिवस जेवली नाही नीट. प्रामाणिकपणाने बदनामी पुसली जाते वगैरे मी म्हणणार नाही. तिच्या वागण्याने कंपनीचं नाव सुधारलं नाही, दुसऱ्या विक्रेतीचं तोंडही थांबलं नाही. फक्त आमच्या तीन-चार गल्ल्यांत तिचं स्वतःचं नाव वेगळं झालं. तेवढ्यालाही सुमारे वर्ष लागलं. पहिले अकरा महिने महिन्याची विक्री चार हजारांच्या वर गेली नव्हती.

आणि महिनाअखेर! तीस तारखेला फोन येतो, "ताई, स्लॅबला चाळीसच पॉइंट कमी आहेत, स्वतःच्या नावावर घेऊन टाका ना, नाहीतर सगळं जाईल." प्रामाणिक माणूस फसतो तो इथे. तो कुणाला फसवत नाही, स्वतःलाच माल विकतो. मग पलंगाखाली साठा होतो, साठा खपवायची घाई होते, घाईत पहिलं खोटं वाक्य तोंडातून निघतं, आणि मग ४३ जणांची यादी बाहेर येते. मी असाच गेलो होतो. आई ऑर्डर आल्यावरच माल मागवते. या मार्चमध्ये चाळीस पॉइंटांनी स्लॅब हुकला, साधारण सहाशे रुपये गेले. तिने वहीत लिहिलं, "गेले ६००." बास.

तुमच्यापैकी कुणी हे काम करत असाल आणि आपली कंपनी कुठल्या बाजूची हे ठरवायचं असेल, तर मी आईच्या वहीवर लिहून ठेवलेला एकच प्रश्न सांगतो. उद्या प्लॅन बंद झाला, कमिशन नाही, मेंबर नाही, तर आजच्या किमतीला ही वस्तू कुणी घेईल का? फरशीच्या लिक्विडला उत्तर हो आहे. पावडरीच्या डब्याला नाही. तुमच्या पिशवीतल्या बहुतेक वस्तूंना उत्तर नाही असेल, तर तुमचा स्वभाव कितीही चांगला असू दे, लोक तुम्हाला जे समजतात ते चूक नाही. आणि एक, फक्त लिक्विड विकून मेंबर न केल्याबद्दल कंपनीत तुमचा रोज पाणउतारा होत असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

मामाचं राहिलं. आईने सुरुवातीलाच मला बजावलं होतं, "तू तुझं मिटव, तोवर मला माझ्याच भावाच्या गल्लीत पिशवी घेऊन जाता येत नाही." २०२३ च्या भाऊबीजेला मी २२,००० पाकिटात घालून दुकानात गेलो. म्हटलं, "मामा, हे तुमचे. उशीर झाला." त्यांनी पाकीट उघडलं, नोटा दोनदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या. "व्याज सोडतो," म्हणाले. मग गिऱ्हाईक आलं, ते साखर तोलायला लागले. मी उभाच. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "ताईला सांग, ते फरशीचं दोन बाटल्या पाठव. घरच्याला. दुकानात ठेवणार नाही." तसंही ते दुकानात ठेवता येत नाही, डायरेक्ट सेलिंगचा माल आहे, असं मी सांगायला लागलो तर म्हणाले, "तू मला धंदा शिकवू नकोस परत."

दोघा वर्गमित्रांचे पैसे यूपीआयने दिले. एकाने शिवी देऊन घेतले, एकाने "अरे सोड ना" म्हणून परत पाठवले, मी पुन्हा पाठवले. रूममेटला मी मागच्या वर्षी मेसेज केला. लिहिताना जाणवलं की सुरुवात पुन्हा तशीच होतेय, "खूप दिवस झाले रे." ते खोडलं. लिहिलं, "२०१७ चे तुझे साडेनऊ हजार द्यायचे आहेत, यूपीआय आयडी पाठव." दोन निळ्या टिक आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.

चला, आईचा रविवारचा फोन यायची वेळ झाली. पुढचा भाग पंधरा दिवसांनी.